दोन बोटं आत

टेपअक्का माणसाच्या तोंडाकडे सगळ्यात शेवटी बघायची. आधी खांदे, मग मान, मग कंबर, आणि एवढं सगळं बघून झालं की तोंड. बंगळूरच्या चिकपेटमधल्या त्या अरुंद गल्लीतला जिना चढून कुणी तिच्या दुकानात आलं, की मशीनवरून मान न उचलता ती नुसते डोळे वर करी आणि ये-बस म्हणायच्या आधीच निकाल देऊन टाकी. "डावा खांदा उतरलाय. दप्तर एकाच बाजूला घेतोस." ते पोरगं ओशाळून दप्तर दुसऱ्या खांद्यावर घ्यायचं. बरोबर आलेल्या आईला वाटायचं, बाई फटकळ आहे. फटकळ ती होतीच. पण तिच्या त्या फटकळपणामुळे मी आज हे लिहायला जिवंत आहे, आणि हे वाक्य मी शोभेसाठी लिहिलेलं नाही.

ती शाळेचे गणवेश शिवायची. दुकान म्हणजे दोन मशीन, एक कापायचं टेबल आणि छतापर्यंत रचलेले निळ्या-करड्या कापडाचे तागे. माप द्यायला उभं राहायचं ते दाराजवळच्या चौकोनी फरशीवर, कारण तेवढीच जागा मोकळी असायची. गळ्यात कायम पिवळी टेप. ती इतकी जुनी की तिचा पहिला इंच झिजून दिसेनासा झाला होता. अक्का एकच्या आकड्यापासून मोजायची आणि मनातल्या मनात एक इंच वजा करायची. नवी टेप का घेत नाही असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "हिची खोड मला माहीत आहे. नव्या टेपची खोड कळायला परत वीस वर्षं लागतील." टेपअक्का हे नाव पोरांनीच ठेवलं होतं. तिलाही ते ठाऊक होतं, आणि मला वाटतं, आवडतही होतं.

आम्ही राहायचो येलहंक्याला. बाबा सरकारी कारखान्यात इंजिनियर, बदली होऊन पुण्याहून आलेले. चांगला शिंपी म्हणून कुणीतरी आईला अक्काचा पत्ता दिला, आणि वर हेही सांगितलं की ती मराठी बोलते. आई हरखून गेली. प्रत्यक्ष भेट झाल्यावर मात्र ती थोडी गोंधळली, कारण अक्काच्या मराठीत दर चौथा शब्द कानडी होता. "स्वल्प वळ. सरी. आता हात वर." स्वल्प म्हणजे थोडं, सरी म्हणजे ठीक. आईनं पुणेरी हौसेनं विचारलं, तुम्ही मूळच्या कुठल्या? अक्का टाचणी दातात धरून म्हणाली, "इथल्याच. चारशे वर्षं झाली. आमचे लोक सैन्याबरोबर आले. लढणारे लढले, आमच्या लोकांनी त्यांचे अंगरखे शिवले. लढणारे गेले, आमी राहिलो. तुमी कधी आलात?" आई म्हणाली, मागच्या मे महिन्यात. त्यानंतर आईनं तिच्या मराठीची चूक काढलेली मी ऐकली नाही.

तेव्हा मी आठवीत होते. अक्कानं माझं माप घेतलं आणि एक लांबुळकी, जाड पुठ्ठ्याची वही काढून माझ्या नावाचं पान सुरू केलं. प्रत्येक मुलाला एक पान, आणि दर जूनला त्या पानावर एक ओळ. खांदा, छाती, कंबर, बाही, उंची. भाषा मराठी पण लिपी कानडी, कारण शाळेत ती तेवढीच शिकली होती. मी शाळेत कानडी शिकत होते, त्यामुळे मला ती वही वाचता यायची आणि आईला यायची नाही, याचा मला फार आनंद व्हायचा. अक्का मागच्या जूनची ओळ बघायची, या जूनचे आकडे बघायची आणि समाधानानं हुंकार द्यायची. पोरांची मापं चढत गेली पाहिजेत, एवढंच तिचं शास्त्र. म्हणून प्रत्येक शिवणीत ती माया सोडायची, म्हणजे आत दुमडून ठेवलेलं जादा कापड. वर्षभरात मूल वाढलं की शिवण उसवून गणवेश सैल करता यायचा. इतर शिंपी कापड वाचवायचे. अक्का एका शर्टात इतकी माया ठेवायची की पोरं तक्रार करायची, टोचतं म्हणून.

माप घेता घेता ती तीन प्रश्न विचारायची. झोप लागते का? जेवण जातं का? मनातलं कुणाशी बोलतोस? आम्ही त्याला अक्काची तोंडी परीक्षा म्हणायचो आणि रांगेतच उत्तरं पाठ करून जायचो. लागते, जातं, आईशी. पण तिचा एक चौथा प्रश्न होता, आणि तो सगळ्यांना नसायचा. ज्याचं माप मागच्या जूनपेक्षा उतरलेलं असे, किंवा ज्याचे डोळे तिला बरे वाटत नसत, त्यालाच ती तो विचारायची, तोही आईबापांना काहीतरी निमित्त काढून जिन्याखाली पाठवून. तो प्रश्न विचारला की वहीत त्या ओळीच्या शेवटी एक बारीक टिंब द्यायची.

या चौथ्या प्रश्नावरून तिला पुष्कळ ऐकून घ्यावं लागलं. एका धिप्पाड मुलाची कंबर फुटबॉल खेळून उतरली होती. त्याला तिनं विचारलं, तो हसत सुटला आणि घरी जाऊन त्यानं बापाला सांगितलं. बाप दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन तणतणला, लेकराला असलं अभद्र विचारता, नसतं खूळ डोक्यात भरवता. अक्कानं त्याला खाली बसवलं, पाणी दिलं आणि एवढंच म्हणाली, "विचारल्यानं मनात येत नाही, साहेब. असलं तर बाहेर येतं. नसलं तर तुमच्या पोरासारखं हसतं. हसला ना? मग झालं तर." तो माणूस पुन्हा आला नाही. अक्काला त्याचं वाईट वाटलं नाही. तिला वाईट वाटायचं ते खोटं 'नाही' म्हणणाऱ्या पोरांचं. त्यांच्यासाठी तिनं आपल्यापरीनं एक उपाय केला होता. प्रत्येक गणवेशाच्या खिशाच्या आत, धोब्याकडच्या न पुसणाऱ्या शाईनं, ती मदतीच्या फोनचा नंबर लिहायची. कुठल्याशा दवाखान्यातून आणला होता तिनं तो. वर्षातून एकदा स्वतः फोन लावून बघायची, अजून कुणी उचलतं का म्हणून. उचलणाऱ्याला सांगायची, "काही नाही, तुम्ही आहात ना, तेवढंच बघितलं."

एवढं सगळं मला माहीत होतं, आणि तरी माझ्या वेळेला मी तयार नव्हते.

दहावीला मला चांगले मार्क पडले, हीच खरी भानगड झाली. चांगले मार्क पडलेल्या मुलीनं काय करायचं ते आमच्या वसाहतीत आधीच ठरलेलं असायचं. पीयूसीबरोबर, म्हणजे अकरावी-बारावीबरोबर, क्लास लागला. सकाळी क्लास, मग कॉलेज, मग पुन्हा क्लास, आणि दर सोमवारी फळ्यावर नंबर लागायचे. पहिल्या सोमवारी मी अकरावी होते. पुढच्या मार्चपर्यंत मी त्या फळ्याच्या इतक्या खाली पोहोचले की माझं नाव वाचायला वाकावं लागायचं. बाबा रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत. ते म्हणायचे, तू करशील गं, आणि हे वाक्य रोज ऐकणं मला असह्य होत गेलं. हळूहळू मला असं वाटायला लागलं की मी या घरातली एक चूक आहे आणि ती दुरुस्त करायचा एकच मार्ग आहे. जेवण कमी झालं. माझे चित्रकलेचे रंग मी एका मैत्रिणीला देऊन टाकले. आईला वाटलं, बरं झालं, आता अभ्यासात लक्ष घालेल.

जूनमध्ये दुसऱ्या वर्षाचा गणवेश शिवायला आम्ही चिकपेटला गेलो. मी फरशीवर उभी राहिले. अक्कानं कंबर मोजली, वही बघितली आणि पुन्हा मोजली. मग खांदा. मग तिनं टेप गळ्यात टाकली आणि आईला म्हणाली, खाली तिसऱ्या दुकानात ओढणीचं कापड चांगलं आलंय, रंग तुम्हीच बघून आणा. आई खूष होऊन गेली. अक्कानं जिन्यावरचा तिच्या चपलांचा आवाज थांबू दिला.

"मगु," ती म्हणाली. लेकराला ती मगु म्हणायची. "मरून जावं असं वाटतं का कधी?"

तिचा आवाज अगदी साधा होता. गळा गोल हवा की चौकोनी, असं विचारावं तसा. कदाचित म्हणूनच माझ्या तोंडून 'नाही' निघालं नाही. मी पाठ केलेलं सगळं विसरले आणि हो म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्या आवाजात माझ्या कानावर पडलं. अक्का दचकली नाही, देवाचं नाव घेतलं नाही, रडलीही नाही. कधीपासून वाटतं ते विचारलं. आजही वाटतंय का ते विचारलं. काही ठरवलंयस का, तेही विचारलं, आणि मी सांगितलं. मी सांगत असताना तिनं टेबलावरची कात्री उचलून खणात ठेवली आणि खणाला कुलूप लावलं. मग मला स्टुलावर बसवून हुकांचा डबा पुढ्यात ठेवला आणि लहान-मोठे वेगळे कर म्हणाली. मी लहान हुक मोठ्यांत टाकत होते, मोठे लहानांत. पण हात गुंतलेले होते, त्यामुळे मला रडता आलं.

"आईला सांगू नका," मी म्हणाले.

"ते वचन मी देत नाही," अक्का म्हणाली. "दुसरं काय पाहिजे ते माग."

आई ओढणीचं कापड घेऊन वर आली आणि अक्कानं तिला सगळं सांगितलं, माझ्यासमोर, माझा हात धरून. त्या क्षणी मला अक्काचा इतका राग आला की पुढे कितीतरी महिने तो गेला नाही. आई आधी हसली. त्या हसण्याला मी तेव्हा क्रूर समजत होते. आता कळतं, ती घाबरली होती. म्हणाली, अहो, जरा टेन्शन आहे अभ्यासाचं, परीक्षा झाली की होईल सगळं ठीक.

"ताई, मी पण असंच म्हटलं होतं," अक्का म्हणाली.

आणि मग तिनं आपल्या मोहनची गोष्ट सांगितली. तिला एक मुलगा होता, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. तो सतरा वर्षांचा. त्या वर्षीचा जून. सगळ्या गल्लीच्या पोरांची मापं घेऊन झाल्यावर, शेवटी घरच्या पोराचं माप. खांदा उतरला होता, छाती उतरली होती. "मी बघितलं. बोटांना कळलं माझ्या. म्हटलं, पोरं अशी बारीक होतात, भरतील परत. मशीनवर बसले आणि त्याचा शर्ट दोन बोटं आत घेतला. असा छान बसला ताई, एक सुरकुती नाही. तो आरशात बघून बरा आहे म्हणाला. मी खूष झाले." श्रावणात मोहन गेला. त्यानं स्वतःच जीव दिला. "कपडा बसवणं माझं काम आहे. मी कपडा बसवला. पोराला विचारलं नाही."

आई जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर बसली. हातातलं ओढणीचं कापड घरंगळत खाली गेलं, आणि खालच्या दुकानदारानं ते परत वर आणून दिलं तरी ती तशीच बसून होती.

दुसऱ्या दिवशी अक्कानं दुकान बंद ठेवलं. जूनमध्ये गणवेशाचं दुकान बंद म्हणजे लग्नाच्या दिवशी आचारी गायब होण्यासारखं. ती आमच्याबरोबर मनोविकाराच्या सरकारी दवाखान्यात आली. सकाळी सातला रांग लागली होती. अक्कानं केळीच्या पानात बांधून दहीभात आणला होता. रांगेत पुढेमागे बसलेल्या लोकांना पाहून मला चोरट्यासारखं वाटत होतं. तेही बहुतेक आमच्यासारखेच चोरट्यासारखे बसले होते. अक्का मात्र ताप आलेल्या पोराला आणावं तशी ऐसपैस बसली होती. शेजारच्या बाईला तिनं मोठ्यानं विचारलं, तुमचं कोण आहे आत? ती बाई बोलायला लागली, मग तिच्या पलीकडचा म्हातारा बोलायला लागला. बाबा ऑफिसातून परस्पर आले. हातातला टोकन नंबर पुन्हा पुन्हा वाचत राहिले, जणू तो बदलेल. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी माझ्याशी एकटीशी बोलून घेतलं, मग आईबाबांशी, आणि शेवटी अक्काला विचारलं, तुम्ही कोण? अक्का म्हणाली, टेलर.

घरी आल्यावर बाबांनी फ्रिजवर लावलेलं क्लासचं वेळापत्रक काढलं, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवलं. मग स्वयंपाकघरातच उभे राहून ते रडले. मला वाटलं होतं, त्यांच्या तोंडावर मला फक्त निराशाच दिसेल. त्यांना भीती वाटत होती, माझ्यासाठी, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

यानंतर सगळं छान झालं, असं लिहायचा मोह होतो. तसं झालं नाही. गोळ्या होत्या, दर गुरुवारी बोलायला जायचं होतं, एक वर्ष वाया गेलं, वसाहतीत कुजबुज झाली. काही दिवस बरे जायचे आणि मग एखादी सकाळ अशी यायची की अंथरुणातून पाय खाली ठेवणं म्हणजे डोंगर. अक्कानं मला हुकूम केला होता, दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी माप द्यायला यायचं. कसला गणवेश नाही, काही नाही, नुसतं माप. मी रागातच जायचे. पहिले तीन महिने तर मी तिच्याशी बोललेही नाही, फरशीवर खांबासारखी उभी राहायचे. ती मोजायची, लिहायची, "ऊटा आयता?" म्हणून जेवण झालं का ते विचारायची आणि चित्रान्नाचा, म्हणजे लिंबूभाताचा, डबा उघडायची. डिसेंबरात कंबर दोन इंच वर आली. अक्कानं वही माझ्याकडे वळवून तो आकडा मला दाखवला. तिच्या तोंडाकडे मी तेव्हा नीट पाहिलं. पहिली येणारी मुलं फळ्याकडे बघतात तसं ती त्या आकड्याकडे बघत होती.

राग कधी गेला ते आठवत नाही. त्याच फरशीवर उभं राहून एकदा मी तिला विचारलं, तुम्ही आईला सांगितलं नसतं तर? अक्का म्हणाली, "तर तू माझ्यावर रागावली नसतीस."

पुढे मी साधं बी.कॉम. केलं, नोकरी लागली, आणि आता सर्जापूर रोडला राहते. तिथून चिकपेट म्हणजे बंगळूरच्या रहदारीत परदेशच. पहिला शनिवार दोन महिन्यांतून एकदा झाला, मग सहा महिन्यांतून. मध्ये शाळांनी तयार गणवेश द्यायला सुरुवात केली. जूनमध्ये जिन्यावर लागणारी पोरांची रांग आटत गेली. मी फोनवर विचारायचे, कशी आहेस, आणि ती म्हणायची, सरी आहे सगळं. समोर मी तिला कायम 'तुम्ही' म्हणायचे. फोनवर आणि मनात मात्र 'तू'.

तीन वर्षांपूर्वीच्या एका शनिवारी मी ठरवून गेले. जून चालू होता. दुकानात एकही पोर नव्हतं. अक्का बंद मशीनसमोर बसली होती. मी जिना चढून आले तरी तिनं डोळे वर करून माझे खांदे पाहिले नाहीत. जवळ गेले तर दिसलं, तिचा ब्लाउज दोन्ही खांद्यांवर सेफ्टी पिनांनी आत दुमडलेला होता. मी बोटं लावून पाहिली. दोन बोटं आत. जन्मभर दुसऱ्यांचे कपडे बसवणाऱ्या बाईनं स्वतःचा ब्लाउज उसवून शिवलासुद्धा नव्हता, नुसत्या पिना मारल्या होत्या.

मी तिच्या गळ्यातली टेप काढली. उभी राहा म्हटलं, तर निमूटपणे फरशीवर उभी राहिली. खांदा मोजला, एकपासून, एक इंच वजा करून. वही उघडली तर तिच्या नावाचं पानच नव्हतं. शेकडो पोरांची पानं होती, तिचं नव्हतं. तिचं माप कधी कुणी घेतलंच नव्हतं.

मला झोप विचारायची होती, जेवण विचारायचं होतं. पण ते तीन प्रश्न तिचेच होते आणि त्यांची उत्तरं तिला पाठ होती. उरला चौथा. तेव्हा मला कळलं की हा प्रश्न ती इतक्या साध्या आवाजात विचारायची, त्यासाठी तिला काय करावं लागत असेल.

"अक्का," मी म्हणाले, "मरून जावं असं वाटतं का तुला?"

तिनं माझ्या हातातल्या टेपचं टोक धरलं.

"हो," ती म्हणाली. "मोहन गेला तेव्हापासून वाटतं. पोरं यायची तोवर जूनची वाट बघायचे. आता कोण येत नाही." आणि मग, "इतक्या वर्षांत कोणी विचारलं नाही गं मला."

कोणी विचारलं नाही, यात मीही आले. दर महिन्याला मी त्या फरशीवर उभी राहिले, तिचा दहीभात खाल्ला, तिच्याकडून जगायला शिकले, आणि मुलाची गोष्ट ऐकूनसुद्धा मला कधी वाटलं नाही की हिला विचारावं. मी तिला बरी समजले. कारण ती माझ्यासाठी बरी असणं मला सोयीचं होतं. हे मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही.

"कोणाला सांगू नको," अक्का म्हणाली.

"ते वचन मी देत नाही," मी म्हणाले, आणि आम्ही दोघी त्या फरशीवर एकमेकींना धरून रडलो. तिचे खांदे माझ्या हातात पाखरासारखे लागत होते.

सोमवारी सकाळी सातला आम्ही त्याच रांगेत होतो. दहीभात मी केला होता. तो अळणी झाला होता, आणि अक्कानं तो तसाच खाल्ला. डॉक्टर आता दुसऱ्या होत्या. त्यांनी मला विचारलं, तुम्ही यांच्या कोण? अक्कानं सांगितलं, "माझ्याकडे हिचं माप आहे."

त्यानंतर अक्का दोन वर्षं होती. दर गुरुवारी दवाखान्यात बोलायला जायची, आणि परत येताना डॉक्टरांच्या कोटाच्या शिवणीला नावं ठेवायची. आई येलहंक्याहून बसनं यायची, दोघी मशीनपाशी बसून भांडायच्या, कानडी आणि पुणेरी. रविवारी मी माझ्या सोसायटीतल्या मुलांचे उसवलेले गणवेश गोळा करून नेऊन द्यायचे. त्यांच्या खिशांत अक्का नंबर लिहायची. ब्लाउजच्या पिना निघाल्या. एकदा तर मला वाटलं, ती गुणगुणते आहे. मग मधुमेहानं तिची मूत्रपिंडं धरली आणि मागच्या मार्गशीर्षात ती गेली. दवाखान्यातल्या खाटेवर, दिवसाउजेडी, माझा एक हात आणि आईचा एक हात धरून. जाताना तिला जायचं नव्हतं. हे मी मुद्दाम लिहिते. "अजून स्वल्प थांबायला पाहिजे होतं," असं ती आदल्या दिवशी म्हणाली होती, आणि मला ते ऐकून एकाच वेळी दुःखही झालं आणि खूप बरंही वाटलं.

वही तिनं मला दिली. मी ती अधूनमधून उघडते. शेवटच्या पानावर अक्काची ओळ आहे, माझ्या अक्षरात, त्या शनिवारी लिहिलेली. खांदा, छाती, कंबर, आणि ओळीच्या शेवटी एक टिंब. त्याखाली दर महिन्याच्या ओळी आहेत, हळूहळू चढत जाणाऱ्या, आणि मग पुन्हा उतरणाऱ्या. बरंच मागे गेलं की मोहनचं पान लागतं. त्याच्या शेवटच्या जूनचे आकडे बारीक, नेटक्या कानडी अक्षरात आहेत. टिंबाची पद्धत तो गेल्यावर सुरू झाली, त्यामुळे त्या ओळीच्या शेवटी काही नाही. मात्र तिथला कागद झिजून पातळ झाला आहे. वर्षानुवर्षं तिनं तिथे बोट ठेवलं असणार. ती जागा तिनं भरली नाही. मीही भरलेली नाही.